दुपारी बारालाच पंप बसतो? नवी बॅटरी घेण्याआधी हे करून पाहा

सकाळी नऊला काचा धुण्याचा पोल, म्हणजे टोकाला ब्रश आणि पाण्याचा पाइप असलेला लांब दांडा, उभा केला. साडेअकरापर्यंत ब्रशमधून दोन सरळ धारा येत होत्या, मग त्यांनी मान टाकली. तिसऱ्या मजल्यावरची काच निम्मी धुऊन झालेली, उरलेल्या निम्म्या काचेवर धुळीचे ओघळ, आणि खालून पोरगा ओरडतो, "दादा, बॅटरी उतरली!" संध्याकाळी आपण दुकानात जाऊन नवी बॅटरी आणतो. चार-पाच महिन्यांनी पुन्हा तेच.

बाणेर-बालेवाडीकडच्या सोसायट्यांच्या काचा आणि गच्चीवरची सोलर पॅनेलं धुण्याचं काम मी करतो. सुरुवातीच्या आठ महिन्यांत मी दोन बॅटऱ्या बदलल्या. दोन्ही वेळा बॅटरी बिचारी ठीक होती, चार्जर तिला पोटभर खाऊच घालत नव्हता. हे कळायला दोनशे-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर पुरला असता. तेव्हा तो माझ्याकडे नव्हता.

हा लेख पाठीवरच्या २० लिटरच्या टाकीसाठी किंवा छोट्या ट्रॉलीसाठी आहे. १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, ८ किंवा १२ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते) सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि पाण्याचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर असं साहित्य धरलं आहे. शेतातल्या बॅटरीवरच्या फवारणी पंपात जवळजवळ हीच बॅटरी आणि हाच पंप असतो, त्यामुळे त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

खाली दिलेला क्रम मोडू नका. बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून, म्हणजे बॅटरी बदलण्यापासून, सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात.

## तयारी: आदल्या रात्री एवढं जमवा

- साधा डिजिटल मल्टिमीटर
- मापाची ५ लिटरची बादली आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच
- मोटरसायकल किंवा गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, २१ वॅटचे दोन बल्ब, होल्डर आणि वायरसकट
- बारीक पॉलिश पेपर, थोडी पेट्रोलियम जेली, जुना टूथब्रश
- पातळ सुई किंवा गिटारची तार (ब्रशच्या जेटसाठी, म्हणजे पाणी सोडणाऱ्या बारीक भोकांसाठी)
- वही. मोबाइलमध्ये लिहून ठेवतो म्हणणाऱ्यांचं कधीच सापडत नाही, म्हणून वहीच

सावधान: बॅटरीच्या दोन टोकांना एकाच वेळी पाना, पक्कड किंवा मनगटावरचं कडं लागू देऊ नका. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण शॉर्ट झालेलं कडं क्षणात लालभडक तापतं.

## १. बॅटरीचं आणि चार्जरचं लेबल वाचा

हे कोणी करत नाही. बॅटरीच्या अंगावर बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. "सायकल यूज"पुढे साधारण १४.४ ते १५ व्होल्ट लिहिलेलं असतं, "स्टँडबाय यूज"पुढे १३.५ ते १३.८. आपलं काम सायकल यूजचं, म्हणजे रोज वापरायची आणि रोज भरायची. स्टँडबाय म्हणजे अलार्म किंवा इमर्जन्सी दिव्यात कायम चार्जिंगला लावून ठेवलेली बॅटरी.

आता चार्जर पाहा. तो १३.८ व्होल्टवर थांबणारा असेल तर एका रात्रीत बॅटरी पूर्ण भरत नाही. हिरवा दिवा मात्र लागतो. आपण समाधानाने झोपतो आणि बॅटरी रोज थोडी उपाशी राहते. काही आठवड्यांत आतल्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात, आणि ते मग सहजासहजी निघत नाहीत.

उलट चूकही तितकीच घातक. घरच्या इन्व्हर्टरच्या मोठ्या बॅटरीसाठीचा १०-१५ अँपिअरचा चार्जर या छोट्या बॅटरीला लावला की ती तापते, फुगते आणि कामातून जाते. लेबलवर "इनिशियल करंट" म्हणून एक आकडा असतो. ७ एएचच्या बॅटरीवर तो बहुधा २.१ अँपिअर असतो, म्हणजे एएचच्या तीस टक्के. १२ एएचला त्याच हिशेबाने ३.६ अँपिअर ही कमाल मर्यादा झाली. दोन-अडीच अँपिअरचा चार्जर उत्तम.

तपासा: चार्जिंग चालू असताना, दिवा हिरवा होण्याच्या जरा आधी, बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. १४.४ ते १४.७ दिसलं पाहिजे. माझ्या चार्जरने १३.१ दाखवलं होतं. तुमच्याकडेही असंच निघालं तर पुढचं काही न करता आधी चार्जर बदला, आठवडाभर वापरा, मग उरलेला लेख वाचा.

## २. पूर्ण भरा आणि मग विसावू द्या

किती तास लावायचं याचा ढोबळ हिशेब: एएचला १.२५ ने गुणा, चार्जरच्या अँपिअरने भागा. १२ एएच आणि १.७ अँपिअरचा चार्जर असेल तर जवळजवळ नऊ तास. "दोन तास लावली होती की" हे उत्तर मी निदान पन्नास वेळा ऐकलं असेल.

दिवसभर टेम्पोत तापलेली बॅटरी आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका. मे महिन्यात बंद गाडीत ती हाताला चटका लागेल इतकी गरम होते. तासभर सावलीत ठेवा आणि रात्री लावा. उष्णता हा लेड-अ‍ॅसिडचा मोठा शत्रू आहे. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

चार्जर काढल्यावर लगेच मोजू नका. त्या वेळी मीटर १३ च्या वरचा आकडा दाखवतो, तो वरवरचा असतो. निदान चार तास, जमलं तर रात्रभर, बॅटरी नुसती पडू द्या. त्यानंतरचा आकडा खरा:

- १२.८ किंवा वर: भरलेली
- १२.५ च्या आसपास: पाऊण
- १२.२: निम्मी
- १२.० च्या खाली: आता वापरायचीच नाही
- १०.६ च्या आसपास अडकून बसली: सहापैकी एक सेल मेला. पुढच्या पायऱ्या या बॅटरीसाठी नाहीत

सावधान: सोसायटीच्या पार्किंगमधल्या सॉकेटवर चार्जर लावताना हात, बूट आणि खालची फरशी कोरडी हवी. दिवसभर पाण्यात काम केल्यावर हे विसरायला होतं. बंद पेटीत चार्जिंग करू नका, हवा खेळती ठेवा.

## ३. चालू पंपावर दोन ठिकाणी मोजा

या लेखातली एकच पायरी करणार असाल तर ही करा.

भरलेली, विसावलेली बॅटरी पंपाला जोडा. टाकीत पाणी घ्या, पोल नेहमीच्या उंचीवर उभा करा, नळ उघडा, कंट्रोलर रोजच्या आकड्यावर ठेवा. एक मिनिट चालू द्या. मग मीटरच्या पिना आधी बॅटरीच्या टोकांवर टेकवा आणि आकडा लिहा. त्यानंतर कंट्रोलरमध्ये बॅटरीची वायर जिथे शिरते तिथे टेकवा आणि लिहा.

पंपाच्या अगदी टोकाशी मोजायचा मोह टाळा. कंट्रोलर वीज तोडून तोडून पुढे पाठवतो, त्यामुळे तिथला आकडा कमीच येतो आणि गोंधळ उडतो. तुमच्या पंपाला कंट्रोलर नसून साधा ऑन-ऑफ स्विच असेल तर मात्र पंपाच्या टोकाशीच मोजा.

आता तीन शक्यता:

बॅटरीवर १२.३ ते १२.५ आणि दुसऱ्या ठिकाणीही जवळपास तेवढंच असेल, तर बॅटरी आणि वायर दोन्ही ठीक. दोष पाण्याच्या वाटेत आहे. पायरी ५ वर जा.

बॅटरीवर १२.४ पण कंट्रोलरपाशी ११.७ असेल, तर मधला पाऊण व्होल्ट वायर आणि सांध्यांनी खाल्ला. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक मी खपवून घेत नाही. पायरी ४.

बॅटरीवरच एका मिनिटात ११.५ च्या खाली गेलं, तर बॅटरी संशयित. तरीही ४, ५, ६ या पायऱ्या करून मगच पायरी ७ ची परीक्षा घ्या. जेट तुंबल्यामुळे पंप जास्त करंट ओढत असेल तर चांगली बॅटरीही दबते.

## ४. वायर, लग आणि फ्यूज

मूळ वायर तुटली की आपण घरात पडलेली वायर जोडतो. बहुतेक वेळा ती ०.७५ स्क्वेअर मिमीची, टेबलफॅनला चालेल अशी असते. दोन मीटर जायला आणि दोन मीटर यायला धरले तर ५ अँपिअरला या वायरीत जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो. तीच वायर २.५ स्क्वेअर मिमीची घेतली तर ०.१५ व्होल्ट जातो. आणि याचा बॅकअपशी संबंध असा, की कंट्रोलर त्याच्यापाशी पोचणाऱ्या व्होल्टेजवर बॅटरी संपली की नाही ते ठरवतो. वायरने अर्धा व्होल्ट खाल्ला की बॅटरीत जीव असतानाच तो कटऑफ देतो, म्हणजे पंप बंद करतो.

क्रमाने करा:

१. बॅटरी सोडवा. काढताना आधी काळी वायर, लावताना आधी लाल.
२. टोकांवर पांढरा किंवा हिरवट खार धरला असेल तर कोरड्या टूथब्रशने झाडा, मग पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा.
३. लग (वायरीच्या टोकाची धातूची पकड) हाताने हलवून पाहा. ढिली असेल तर पक्कडने किंचित दाबून घट्ट करा. वायर लगमधून सुटत असेल तर नवी लग बसवा. वायर पिळून त्यावर टेप गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे.
४. फ्यूज होल्डर उघडा. पाठीवरच्या टाकीत पाणी ठिबकतं ते नेमकं याच्यावर. पाती काळी पडली असेल तर होल्डरच बदला.
५. सगळं जोडून झाल्यावर टोकांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा. आधी फिरवू नका.

सावधान: फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी तांब्याची तार घालणारे महाभाग मी पाहिले आहेत. पंपाच्या लेबलवर कमाल करंट लिहिलेला असतो, त्याच्या जरासा वरचा फ्यूज घ्या. तो जात असेल तर कारण पंपात किंवा वायरीत आहे.

तपासा: पायरी ३ परत करा. दोन आकड्यांतला फरक ०.३ च्या आत आला पाहिजे.

## ५. पाण्याची वाट मोकळी आहे का

आमच्याकडे आलेल्या "बॅटरी टिकत नाही" या तक्रारींत निम्म्या तरी इथेच सुटल्या. पंपापुढचा अडथळा वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की करंट वाढतो, आणि त्याची वसुली बॅटरीकडून होते. पंपाआधीची जाळी तुंबली तर करंट तितका वाढत नाही, पण पाणी कमी येतं. मग पोरं एकाच काचेवर दुप्पट वेळ ब्रश फिरवत बसतात आणि पंप दुप्पट वेळ चालतो. दोन्हीकडून नुकसान तुमचंच.

बादलीची परीक्षा. ब्रश काढून पाइपचं टोक बादलीत सोडा. कंट्रोलर रोजच्याच आकड्यावर. ५ लिटर भरायला किती वेळ लागतो ते पाहा. मिनिटाला दीड लिटर हा काचेसाठी पुरेसा वेग आहे, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. मग ब्रश लावून, जेट बादलीवर धरून पुन्हा मोजा. दुसऱ्या वेळी बराच जास्त वेळ लागला तर जेट तुंबले आहेत.

जेट तुंबतात ते क्षाराने. बोअरचं पाणी फिल्टर न करता वापरलं की भोकाच्या कडेला पांढरी कडा धरते. नखाने खरवडली की कळतं. सुईने मोकळं करा, पण भोक मोठं करू नका. मोठं झालं की धार फेसाळते आणि पाणी वाया जातं. काचेवर डाग न राहता आपोआप वाळायचं असेल तर पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १० च्या खाली लागतो. तो वर गेला की परत धुवावं लागतं, आणि तो दुसऱ्या फेरीचा खर्चही बॅटरीच्याच खात्यात पडतो.

पाइप. आपल्याकडे लांबच लांब बारीक पाइप गुंडाळी न सोडता वापरायची वाईट खोड आहे. ६ मिमी आतल्या व्यासाच्या ३० मीटर पाइपमध्ये मिनिटाला दीड लिटर पाणी ढकलायला साधारण ०.७ बार दाब नुसता घासण्यात जातो. म्हणजे पोल आणखी सात मीटर उंच केल्यासारखं झालं. ८ मिमीच्या पाइपमध्ये हाच तोटा साधारण एक चतुर्थांश. दहा मीटर पाइप पुरत असताना तीस मीटर वागवू नका, आणि गुंडाळीत कुठे मुरड पडली आहे का ते पाहा.

जाळी. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक टोपीत जाळी असते. ती रोज धुवा. टोपी परत बसवताना रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघा, नाहीतर पंप हवा ओढतो आणि घरघरतो.

तपासा: ब्रशजवळचा नळ बंद करा. पंप थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. दर काही सेकंदांनी "टक-टक" करून पुन्हा सुरू होत असेल तर कुठेतरी गळती आहे. सांधे कोरड्या फडक्याने पुसा आणि बोट फिरवा, ओल लागेल तिथे गळती.

## ६. कंट्रोलर: कमीत कमी आकडा, आणि कटऑफला हात नाही

कंट्रोलरवर ० ते ९९ असा आकडा असतो. पोरं तो ९० वर नेऊन ठेवतात, कारण जास्त पाणी म्हणजे जास्त स्वच्छ असा समज. ते खरं नाही. घाण ब्रश सोडवतो, पाणी ती फक्त वाहून नेतं. वेग दीडवरून अडीच लिटर केला तर पाइपमधला तोटा सुमारे अडीच पट होतो. आकडा खाली आणत आणत जा आणि काचेवर पाण्याचा सलग पडदा तुटायला लागला की तिथून थोडा वर घ्या. त्या जागी मार्करने खूण करा.

नळ बंद केल्यावर पंप थांबवायची जी संवेदना कंट्रोलरला असते तिला "डेड एंड" म्हणतात, आणि तिचं सेटिंग वेगळं असतं. ते चुकलं तर नळ बंद असूनही पंप आत गुरगुरत राहतो, पाइप फुगतो आणि बॅटरी फुकट जळते. किंवा उलट, नळ उघडा असताना पंप मधेच थांबतो आणि आपण बॅटरीला शिव्या देतो. पाइपची लांबी किंवा पोलची उंची बदलली की हे सेटिंग नव्याने करावं लागतं. मजला बदलला की एकदा पाहून घ्यायचं.

सावधान: बॅटरी साधारण १०.५ ते ११ व्होल्टवर आली की कंट्रोलर पंप तोडतो. "अजून दोन खिडक्याच राहिल्यात" म्हणून वायर थेट पंपाला जोडू नका. त्या दोन खिडक्यांत बॅटरीचं जेवढं नुकसान होतं तेवढं महिनाभराच्या कामाने होत नाही. माझ्या हाताखालच्या एका पोराने हे सलग तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी नवीकोरी बॅटरी सकाळी साडेदहाला संपली. तोपर्यंत त्याने मला सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

## ७. आता बॅटरीची परीक्षा: बल्ब लावून

वरचं सगळं करून, चार्जर खरा निघून, वायरी बदलून, जेट मोकळे करूनही पंप बाराला बसत असेल तरच इथे या.

दोन २१ वॅटचे बल्ब समांतर जोडले की मिळून ३.५ अँपिअर ओढतात, म्हणजे जवळपास आपल्या पंपाएवढेच. भरलेली, विसावलेली बॅटरी घ्या, बल्ब लावा, वेळ लिहा. दर पंधरा मिनिटांनी बल्ब चालू असतानाच व्होल्टेज मोजा. १०.५ ला पोचलं की ताबडतोब बल्ब काढा.

नव्या, चांगल्या १२ एएचला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, ८ एएचला पावणेदोन. "१२ भागिले ३.५ म्हणजे जवळजवळ साडेतीन तास यायला हवेत" असं कोणी म्हणेल. येत नाहीत. लेबलवरचे १२ एएच बॅटरी वीस तासांत सावकाश उतरवून मोजलेले असतात. भराभर काढलं की एकूण कमी मिळतं.

नव्याच्या तुलनेत साठ टक्क्यांच्या खाली वेळ आला तर बॅटरी खरंच गेली. सत्तर-ऐंशी टक्के असेल तर तिला गच्चीवरच्या सोलर पॅनेलांच्या कामावर टाका. तिथे उंची नसते, अजून वर्षभर चालेल.

सावधान: बल्ब काही मिनिटांत हात भाजेल इतके तापतात. फरशीवर ठेवा, प्लास्टिकवर नको. ही परीक्षा वर्षातून दोनदाच घ्या, कारण प्रत्येक वेळी बॅटरी तळाला जाते. झाल्या झाल्या चार्जिंगला लावा, सकाळवर ढकलू नका.

## ८. रोजचा हिशेब दिव्यांवर नको, टाक्यांवर

कंट्रोलरवरचे बॅटरीचे तीन दिवे मला कधी उपयोगी पडले नाहीत. पंप चालू असताना एक दिवा, बंद केल्यावर तीन. आम्ही टाक्या मोजतो.

१२ एएचची बॅटरी रोज निम्मीच वापरायची ठरवली तर हाताशी ६ एएच आले. पंप ४ अँपिअर ओढतो, म्हणजे पंपाची ९० मिनिटं. मिनिटाला दीड लिटरने १३५ लिटर. २० लिटरची टाकी असेल तर पावणेसात टाक्या. सहा टाक्या झाल्या की बॅटरी बदला, पंप कितीही जोरात चालत असला तरी. दिवसभराचं काम असेल तर दोन बॅटऱ्या आलटून पालटून वापरा. एकच बॅटरी तळापर्यंत ओढण्यापेक्षा दोन निम्म्या वापरलेल्या कितीतरी जास्त महिने टिकतात. जुनी आणि नवी बॅटरी एकत्र जोडून "मोठी" मात्र करू नका. जुनी नवीला ओढून स्वतःसारखी करते.

दुसरी सवय नळाची. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जाताना ब्रशजवळचा नळ बंद. चहाला बसताना नळ नव्हे, मुख्य स्विच बंद.

वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, बॅटरी क्रमांक, किती टाक्या, कंट्रोलरचा आकडा. कंट्रोलरचा आकडा तोच असताना सहाच्या पाच, पाचच्या चार टाक्या होऊ लागल्या तर बॅटरी उतरणीला लागली. एका दिवसात सहाच्या तीन झाल्या तर बॅटरी नाही, पाइपला मुरड किंवा ढिली लग शोधा. बॅटरी एवढी अचानक क्वचितच ढासळते.

## ९. पावसाळा: बॅटऱ्या खऱ्या कधी मरतात

जून ते सप्टेंबर आपलं काम थंडावतं. टाकी धुऊन, उलटी करून, गोडाऊनच्या कोपऱ्यात ठेवली जाते. बॅटरी आतच. गणपतीनंतर पहिलं काम येतं, बटण दाबलं तर काहीच नाही. मग "पावसात ओल लागली" असं निदान होतं.

ओलीने काही होत नाही. कंट्रोलर बंद दिसत असला तरी त्याचा छोटा दिवा किंवा आतलं सर्किट थोडा करंट घेत असतं. तो २० मिलिअँपिअर जरी धरला तरी महिन्याला १४ एएचपेक्षा जास्त होतो. म्हणजे १२ एएचची भरलेली बॅटरी जुलै उजाडायच्या आत रिकामी. त्यानंतरचे दोन-अडीच महिने ती रिकामी पडून राहते आणि सल्फेट दगडासारखा होतो.

१. शेवटच्या कामाच्या रात्री बॅटरी पूर्ण भरा. "एवढं राहिलंय, चालेल" नाही, पूर्ण.
२. दोन्ही वायरी काढा. नुसता स्विच बंद करणं पुरत नाही.
३. घरातल्या कोरड्या, गार जागी फळीवर ठेवा.
४. दर महिन्याच्या एक तारखेला व्होल्टेज मोजा. १२.६ च्या खाली असेल तर रात्रभर चार्ज करा. वीजबिल भरायच्या दिवसाशी सांगड घातली की विसरत नाही.

## १०. लिथियमवर जायचं असेल तर

१२ एएचची लेड-अ‍ॅसिड साडेतीन-चार किलोची, तेवढ्याच एएचची लिथियम फॉस्फेट साधारण दीड किलोची. टाकी पाठीवर असेल तर फक्त यासाठीही बदलणं पटतं. पण तीन चुका हमखास होतात.

पहिली: बाजारात "१२ व्होल्ट लिथियम" नावाने दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. चार सेलची फॉस्फेट, नाममात्र १२.८ व्होल्टची, चार्जर १४.६ चा. आणि तीन सेलची साधी लिथियम-आयन, नाममात्र ११.१ व्होल्टची, चार्जर १२.६ चा. दुसरीला पहिलीचा चार्जर लावलात तर आग लागू शकते. चार्जर बॅटरीसोबतचाच घ्या आणि दोघांना एकाच रंगाची टेप लावा, म्हणजे पोरांची गल्लत होणार नाही. फुगलेली लिथियम बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायची नाही.

दुसरी: जुना लेड-अ‍ॅसिडचा चार्जर, विशेषतः सल्फेट काढण्याचा मोड असलेला, लिथियमला चालवायचा प्रयत्न. नको.

तिसरी: व्होल्टेज पाहून किती उरली ते ठरवणं. लिथियम फॉस्फेट शेवटपर्यंत जवळपास तेवढंच व्होल्टेज दाखवते आणि मग एकदम तोडते. मीटरवर शून्य दिसलं म्हणजे ती मेलीच असं नाही. आतल्या संरक्षक सर्किटने तोडलेली असते, योग्य चार्जर लावला की बहुधा जागी होते. इथे तर टाक्या मोजण्याला पर्यायच नाही.

## ११. नवी बॅटरी आणलीच, तर पहिल्या दिवशी

दुकानात मल्टिमीटर घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या. १२.५ च्या खाली दाखवणारी बॅटरी घेऊ नका, ती महिनोन्‌महिने फळीवर पडलेली आहे. अंगावर छापलेला उत्पादनाचा महिना पाहा.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका. आत शिसं आणि आम्ल असतं, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत काही वजा करतो, ते मागून घ्या.

घरी आणल्यावर आधी पूर्ण चार्ज, रात्रभर विसावा, मग पायरी ७ ची बल्ब परीक्षा. आलेली मिनिटं आणि तारीख मार्करने बॅटरीच्या अंगावरच लिहा. माझ्या सध्याच्या बॅटरीवर "१६२ मि." लिहिलंय, त्याखाली सहा महिन्यांनंतरचं "१५५".